खुलासा : वेन ग्रेट्झ्की यांचा गोलांचा विक्रम

नाशिकमधील स्केटिंग शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. कॅनडाचे आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की यांचा नॅशनल हॉकी लीगमधील 894 गोलांचा विक्रम आजही अबाधित आहे, असे त्यात म्हटले आहे. हे आता खरे नाही. वॉशिंग्टन कॅपिटल्सचे रशियन खेळाडू अलेक्झांडर ओव्हेच्किन यांनी 6 एप्रिल 2025 रोजी न्यूयॉर्क आयलँडर्सविरुद्ध आपला 895वा गोल केला आणि हा विक्रम मोडला. त्या क्षणी स्वतः ग्रेट्झ्की मैदानात उपस्थित होते. लीगच्या अधिकृत आकडेवारीत ही नोंद कोणालाही पाहता येते.

मात्र, यामुळे ग्रेट्झ्की यांची कारकीर्द उणी ठरते, असा अर्थ कृपया काढू नये. या खेळात स्वतः केलेल्या गोलाप्रमाणेच सहकाऱ्याच्या गोलाला केलेल्या साहाय्याचाही एक गुण मिळतो. ग्रेट्झ्की यांची अशी साहाय्ये 1,963 आहेत, म्हणजे त्यांचे सगळे गोल वगळले तरी दुसऱ्या क्रमांकावरील यारोमीर यागर यांच्या एकूण 1,921 गुणांपेक्षा ती अधिक भरतात. त्यांच्या 2,857 गुणांचा विक्रम कायम आहे, आणि माझ्या मते मुलांना सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे, कारण तिच्यात सहकाऱ्याला पुढे करण्याचे मोल दिसते.

संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. तरीही जुना मजकूर पुढे पाठवणे कृपया थांबवावे आणि तो ज्या गटात पाठवला असेल, तेथे ही दुरुस्ती कळवावी.