‘मिनिमम भरा, सिबिल वाढवा’ सांगणाऱ्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

मुंबईतल्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पहिल्या क्रेडिट कार्डाबद्दलचा एक मेसेज फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. अठरा पूर्ण झाले की ताबडतोब कार्ड काढा, नाहीतर पुढे घरासाठी कर्ज मिळणार नाही. लाइफटाइम फ्री कार्ड घ्या, खर्च शून्य. ५० दिवस बँकेचे पैसे फुकट वापरा. बिल पूर्ण भरू नका, मिनिमम (बिलावर छापलेली किमान रक्कम) भरून थोडी बाकी ठेवा, त्यानेच सिबिल (कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा स्कोअर) चढतो. एकावर थांबू नका, तीन-चार कार्डं काढा. नकोसं झालं तर वापरणं सोडा, आपोआप बंद होतं.

मी कॉमर्सच्या मुलांना शिकवते. व्याजाचं गणित पेपरात अचूक सोडवणारी मुलंही हा मेसेज खरा मानून पुढे पाठवतात, याची मला काळजी वाटते. विद्यार्थ्याने कार्ड घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. पण या मेसेजवर विसंबून घेऊ नये. यातला चौथा मुद्दा सगळ्यांत घातक आहे, म्हणून तो आधी घेते.

‘मिनिमम भरा, थोडी बाकी ठेवा, सिबिल चढतो’

हा समज कशातून आला ते कळतं. सिबिल ही कर्जांच्या नोंदी ठेवणारी कंपनी; तिच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक कार्डाखाली जास्तीत जास्त ३६ महिन्यांचे चौकोन असतात आणि त्या त्या महिन्यात पैसे किती दिवस थकले होते ते प्रत्येक चौकोनात लिहिलेलं असतं. वेळेत भरलं की ‘०००’. मिनिमम भरणाऱ्यालाही ‘०००’ मिळतं, कारण बँकेच्या लेखी तो थकलेला नसतो. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण पूर्ण बिल भरणाऱ्यालाही तेच ‘०००’ मिळतं. व्याज भरलं म्हणून जास्तीचे गुण देणारा रकाना त्या रिपोर्टात नाही. उलट बाकी साचत गेली की लिमिटपैकी किती टक्के वापरात आहे तो आकडा वाढतो आणि त्याने स्कोअर खाली ओढला जातो. हा वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण सल्ला असतो.

आता या सल्ल्याची किंमत बघू. समजा, २०,००० रुपयांचा फोन कार्डावर घेतला. व्याज महिन्याला ३.५ टक्के धरू; अनेक कार्डांचा दर याच्याच आसपास किंवा थोडा वरच असतो. २०,००० वर एका महिन्याचं व्याज ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६ रुपये. म्हणजे ८२६ रुपये झाले. मिनिमम म्हणून तुम्ही १,००० रुपये भरलेत, तर फोनच्या किमतीतून कमी झाले फक्त १७४ रुपये. पुढे एक रुपयाचीही खरेदी केली नाही आणि दर महिन्याला १,००० भरत राहिलात, तरी फिटायला ४४ महिने लागतात आणि हातून एकूण सुमारे ४३,००० रुपये जातात. एफवायला (डिग्रीच्या पहिल्या वर्षाला) घेतलेला फोन डिग्री हातात आल्यावरही फिटलेला नसतो. तेच महिन्याला २,००० भरले, तर १४ महिन्यांत सुटका होते आणि एकूण २६,३०० च्या आसपास जातात. प्रत्येक बँकेचं मिनिमम काढायचं सूत्र थोडं वेगळं असतं, पण चित्र हेच राहतं.

या दराला कायद्याने काही मर्यादा असेल, अशी समजूत असेल तर तीही सोडा. वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. महिना ३.५ टक्के म्हणजे चक्रवाढ न धरताही वर्षाला ४२ टक्के. शैक्षणिक कर्जाचा दर याच्या पाव-तिसऱ्या हिश्शाइतका असतो.

आणखी एक गोष्ट मेसेज सांगत नाही. मागची बाकी राहिली की बिनव्याजी मुदत संपते, म्हणजे नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागतं. फोनची बाकी डोक्यावर असताना त्याच कार्डाने कँटीनचं बिल दिलं, तर त्या मिसळपावावरही ४२ टक्क्यांनी व्याज सुरू. फक्त मिनिमम भरत राहिलात तर परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल, हा इशारा ग्राहकाला द्यायला रिझर्व्ह बँकेनेच बँकांना भाग पाडलं आहे. बिलाचं स्टेटमेंट शेवटपर्यंत वाचलंत तर तो तिथे सापडेल.

‘आत्ताच काढा, नाहीतर गृहकर्ज मिळणार नाही’

ही भीती मुंबईत पटकन लागू पडते, कारण इथे घर म्हटलं की कर्ज आलंच, आणि दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या मुलाला घराचं स्वप्न काय असतं ते वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच त्या भीतीचा असा वापर केलेला मला चालत नाही.

ज्याने कधी कर्ज किंवा कार्ड घेतलेलं नाही, त्याच्या रिपोर्टवर वाईट स्कोअर येत नाही. ‘इतिहास नाही’ एवढीच नोंद येते. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितलं आहे. बँक बाकीची तपासणी करणारच: पगार, नोकरी किती स्थिर आहे, आयकर विवरणपत्र, घराचे कागद. चांगला इतिहास असेल तर कर्ज सोपं होतं, दरही बरा मिळू शकतो, हे खरं. पण तो इतिहास उभा करायला अठराव्या वाढदिवसाची घाई लागत नाही. वापर सुरू झाल्यापासून साधारण सहा महिन्यांत स्कोअर तयार होतो. नोकरी लागल्यावर बाविसाव्या वर्षी सुरुवात केली, तरी घर घ्यायच्या वयापर्यंत भरपूर नोंद जमा झालेली असते. शैक्षणिक कर्ज घेतलेलं असेल तर तीही नोंदच आहे.

बिघडलेला इतिहास मात्र कोऱ्या इतिहासापेक्षा कितीतरी महागात पडतो. एकोणिसाव्या वर्षी थकवलेले चार हजार रुपये पुढे गृहकर्जाच्या टेबलावर बँक अधिकाऱ्याला दिसू शकतात.

‘५० दिवस पैसे फुकट’

पूर्ण बिल वेळेत भरणाऱ्यासाठी बिनव्याजी मुदत खरी आहे. गिरणगावात कामगार खानावळीत महिनाभर खात्यावर जेवायचे आणि पगार झाला की खातं चुकतं करायचे, तसाच हा व्यवहार. फक्त प्रत्येक खरेदीला ५० दिवस मिळत नाहीत. समजा, तुमचं बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघतं आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ४. मग १६ जूनला घेतलेल्या वस्तूचे पैसे ४ ऑगस्टपर्यंत भरायचे, म्हणजे ४९ दिवस. १४ जुलैला घेतलेल्या वस्तूचेही ४ ऑगस्टपर्यंतच, म्हणजे जेमतेम २१ दिवस. ज्याला पैसे महिन्यातून एकदाच, घरून किंवा स्टायपेंड म्हणून मिळतात, त्याने हा फरक खरेदीच्या आधी बघायला हवा.

एटीएममधून काढलेल्या रोख रकमेला तर एक दिवसाचीही सवलत नाही. व्याज त्याच दिवसापासून, वर शुल्क वेगळं: अनेक कार्डांवर २.५ टक्के किंवा ५०० रुपये, यांतलं जे जास्त ते. अडीनडीला २,००० रुपये काढले तर शुल्क आणि जीएसटी मिळून ५९० रुपये तिथेच गेले. त्यापेक्षा मित्राकडे मागा.

‘लाइफटाइम फ्री, म्हणजे खर्च शून्य’

फुकट असते ती फक्त वार्षिक फी. उशिरा भरण्याचा दंड, रोख काढण्याचं शुल्क, परदेशी चलनातल्या खरेदीवरची आकारणी आणि या सगळ्यांवर जीएसटी, हे फ्री कार्डालाही लागू असतं. परदेशी वेबसाइटची मेंबरशिप डॉलरमध्ये असेल तर हे विशेषकरून लक्षात ठेवा. दंडाबाबत एक सवलत मात्र माहीत हवी: शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच बँक दंड लावू शकते आणि थकल्याची नोंद सिबिलकडे पाठवू शकते. हे तीन दिवस सर्व्हर बंद पडला तर उपयोगी येतात. दर महिन्याला त्यांच्यावर अवलंबून राहू नका.

‘तीन-चार कार्डं काढा’

प्रत्येक अर्जामागे बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्या चौकशीची नोंद रिपोर्टवर राहते. लागोपाठ चार अर्ज दिसले की हा माणूस पैशांसाठी धावतोय, असा अर्थ काढला जातो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने मात्र स्कोअर कमी होत नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा, असा नियम आहे.

उत्पन्नाच्या रकान्यात ‘बाबांचा पगार टाक, चालतं’ असं मॉलमधला किंवा फेस्टमधला एजंट म्हणाला, तर अर्ज तिथेच परत द्या. खाली सही तुमची असते आणि खोट्या माहितीची जबाबदारीही तुमची.

‘वापरणं सोडलं की आपोआप बंद होतं’

होत नाही. वर्षभराहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँक ग्राहकाला कळवून सुरू करू शकते, पण तोवर फीचं कार्ड असेल तर फी लागतच राहते, ती न भरल्याचा दंड चढतो आणि नोंदही खराब होते. बंद करायचं तर बाकी शून्य करून तशी मागणी नोंदवा. सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायला हवं. नाही केलं, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये केला. मागणीचा नोंद क्रमांक जपून ठेवा.

मग पहिलं कार्ड कोणतं?

पगार नसलेल्या विद्यार्थ्यासाठी माझ्या मते एकच शहाणा पर्याय आहे: एफडीवर मिळणारं कार्ड. दहा-पंधरा हजारांची मुदत ठेव ठेवायची, बँक तिच्यावर बोजा नोंदवते (म्हणजे ती तारण राहते) आणि सहसा ठेवीच्या ७५ ते ९० टक्के लिमिटचं कार्ड देते. उत्पन्नाचा पुरावा लागत नाही, ठेवीवरचं व्याज चालू राहतं आणि लिमिट आपोआपच छोटं राहतं. पैसे थकले तर बँक ठेव मोडून वसूल करते आणि थकल्याची नोंदही जाते, त्यामुळे हे कार्ड बेफिकिरीने वापरण्यासारखं नाही.

आई-बाबांच्या कार्डावरचं ॲड-ऑन कार्ड घरातल्या खर्चासाठी ठीक आहे, पण ती उधारी त्यांच्या नावावर असते. तुम्ही चुकलात तर स्कोअर त्यांचा जातो, आणि वेळेत भरलंत तरी तुमचा इतिहास बनत नाही.

रिवॉर्ड पॉइंट आणि विमानतळावरच्या लाउंजकडे बघून पहिलं कार्ड निवडू नका. महिन्याला दोन-तीन हजारांच्या खर्चावर मिळणारे पॉइंट एका दंडात संपतात. त्यापेक्षा ॲपमध्ये पूर्ण बिलाचं ऑटो-पे लावता येतं का ते बघा. लावताना ‘मिनिमम’ आणि ‘टोटल’ असे दोन पर्याय येतात, तिथे ‘टोटल’ निवडा. परदेशी व्यवहारांचं बटण बंदच राहू द्या. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं हे सोयीचं आहे, पण पहिले सहा महिने ते जोडू नका असं मी मुलांना सांगते. कीर्ती कॉलेजसमोरच्या वड्यापासून रिचार्जपर्यंत सगळंच क्यूआर स्कॅन करून उधारीवर गेलं, तर महिनाअखेरीला बिलाचा आकडा ओळखू येत नाही.

सीएची आर्टिकलशिप करणाऱ्या, डोंबिवलीहून फोर्टला येणाऱ्या मुलीचं उदाहरण घेऊ. तिने १५,००० ची एफडी करावी, कार्डावर फक्त लोकलचा पास आणि मोबाइलचं बिल ठेवावं. बिलाची तारीख निदान एकदा बदलून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. तो वापरून भरायची तारीख स्टायपेंड जमा होण्याच्या चार-पाच दिवसांनंतरची घ्यावी आणि ऑटो-पे ‘टोटल’वर ठेवावं. सहा-सात महिन्यांनी मोफत रिपोर्ट मागवून सगळ्या चौकोनांत ‘०००’ आहे का ते बघावं. नोंद चुकलेली दिसली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.