‘मूळ चित्रपट कुठे जात नाही’, हे उत्तर पुरेसे नाही

एखाद्या लाडक्या चित्रपटाचा पुढचा भाग येणार असल्याची बातमी आली आणि कोणी ‘मी तो पाहणार नाही’ असे म्हणाले, की एक ठरलेले उत्तर समोर येते. मूळ चित्रपट कुठे जात नाही, तो होता तसाच राहतो. पुढे काय घडले हे ठरवण्याचा अधिकार तो निर्माण करणाऱ्यांचा आहे. न पाहता नाकारणे हा पूर्वग्रह आहे. आणि ‘द गॉडफादर’चा दुसरा भाग असाच टाळला असता तर आपण केवढ्या अनुभवाला मुकलो असतो. चारही मुद्दे समंजस वाटतात आणि ते मांडणाऱ्यांचे चित्रपटांवर प्रेम असते, याविषयी मला शंका नाही. पण ते एकेक करून तपासले तर टिकत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

मूळ चित्रपट तसाच राहतो, हे विधान आधी शब्दशः घेऊ. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ १९८३ साली आला तेव्हा शेवटच्या प्रसंगात अनाकिन स्कायवॉकरचा आत्मा म्हणून सेबास्टियन शॉ हे वयस्क अभिनेते दिसत असत. पुढे पूर्वकथा सांगणारे चित्रपट निघाले, त्यांत तरुण अनाकिनची भूमिका हेडन क्रिस्टेन्सन यांनी केली, आणि २००४ च्या डीव्हीडी आवृत्तीत शॉ यांना काढून त्यांच्या जागी क्रिस्टेन्सन यांना बसवण्यात आले. ‘बॅक टू द फ्यूचर’ १९८५ साली चित्रपटगृहांत लागला तेव्हा त्याच्या शेवटी ‘पुढे चालू’ अशी पाटी नव्हती. ती व्हिडिओ कॅसेटवर आली आणि कथा अपुरी असल्याचे आधीपासूनच ठरले होते, असा अनेकांचा समज झाला. म्हणजे मालिका वाढत गेली तसा आधीच्या चित्रपटाच्या प्रतीलाच हात लागला.

अर्थात असे थोड्या चित्रपटांच्या बाबतीत घडते. खरा बदल प्रतीत होत नाही, पाहणाऱ्याच्या मनात होतो, आणि ‘मूळ तर जागेवर आहे ना’ असे म्हणणारे नेमके हेच विसरतात. १९८६ चा ‘एलियन्स’ घ्या. राक्षसी परग्रहवासी प्राण्यांनी सगळी वसाहत नष्ट केल्यावर एकटी उरलेली न्यूट नावाची लहान मुलगी नायिका रिप्लीला सापडते, आणि चित्रपटाचा सगळा उत्तरार्ध या मुलीला जिवंत बाहेर काढण्याच्या एकाच हट्टावर उभा आहे. त्यासाठी रिप्ली एकटी, हातात शस्त्र घेऊन, पुन्हा त्या राक्षसी प्राण्यांच्या घरट्यात उतरते. शेवटी दोघी वाचतात आणि परतीच्या यानात निजतात. १९९२ च्या ‘एलियन ३’ मध्ये सुरुवातीलाच त्यांचे यान कोसळते आणि न्यूट मरण पावते, तिच्याबरोबर वाचलेला सैनिक हिक्सही मरतो. आता पुन्हा ‘एलियन्स’ पाहायला बसा. त्यातली एकही चौकट बदललेली नाही, पण रिप्ली त्या घरट्यात उतरते तेव्हा तिचे सगळे धाडस काही दिवसांत मातीमोल होणार आहे, हे आपल्याला ठाऊक असते, आणि ते ठाऊक नसल्यासारखे पाहणे आपल्या हातात उरत नाही. शेवट हा कथेचा सुटा तुकडा नसतो. आधीच्या प्रत्येक प्रसंगाचे वजन त्याच्यावरून ठरते. तो शेवटच पुसला गेला, तर मूळ चित्रपट जागेवर आहे म्हणून काय उपयोग?

पुढचा भाग उत्तम असला तरी ही किंमत मोजावी लागते, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. ‘बिफोर सनराइज’ १९९५ साली संपला तो प्रवासात भेटलेल्या एका तरुण-तरुणीने एकमेकांना दिलेल्या, सहा महिन्यांनी पुन्हा भेटण्याच्या वचनावर. ते दोघे भेटले का, हा प्रश्न प्रेक्षकाजवळ नऊ वर्षे राहिला, आणि ज्याने त्याने आपल्या स्वभावाप्रमाणे त्याचे उत्तर मनाशी धरले. २००४ च्या ‘बिफोर सनसेट’ने ते उत्तर देऊन टाकले. तो चित्रपट मला अतिशय प्रिय आहे, पण पहिल्या चित्रपटाची ती उघडी राहिलेली खिडकी त्याने बंद केली, हेही तितकेच खरे आहे. ती उघडीच हवी असे वाटणाऱ्या प्रेक्षकाने दुसरा भाग पाहिला नाही, तर त्याचे काय चुकले?

दुसरा मुद्दा अधिकाराचा. निर्मात्यांनी जे दाखवले ते घडले, प्रेक्षकाने ते नाकारून चालणार नाही, असे म्हटले जाते. पण आपलेच उत्तरभाग बाजूला सारण्यात निर्माते प्रेक्षकांपेक्षा कितीतरी धीट आहेत. २०१८ चा ‘हॅलोविन’ फक्त १९७८ चा मूळ चित्रपट खरा मानतो आणि मधले सगळे भाग सोडून देतो. त्यांत १९८१ चा दुसरा भागही आला, ज्याच्या पटकथेत मूळ चित्रपटाचे दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांचा सहभाग होता. नव्या चित्रपटाला संगीत देणाऱ्यांतही तेच कार्पेंटर आहेत. ‘टर्मिनेटर: डार्क फेट’ने २०१९ साली २००३, २००९ आणि २०१५ चे तिन्ही चित्रपट बाजूला ठेवले आणि १९९१ च्या दुसऱ्या भागापासून कथा पुढे नेली. स्वतः निर्मातेच जर ‘हे घडलेच नाही असे धरू’ म्हणू शकतात, तर तीच मुभा प्रेक्षकाला का नसावी? (त्याच ‘डार्क फेट’ने आरंभीच जॉन कॉनरला मारून टाकले, म्हणजे ज्याला वाचवण्यासाठी दुसरा भाग होता त्यालाच. ही ‘एलियन ३’चीच पुनरावृत्ती होय.)

न पाहता नाकारणे हा पूर्वग्रह आहे, या तिसऱ्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे. जो चित्रपट पाहिला नाही तो वाईट आहे असे बोलण्याचा अधिकार मला नाही, आणि तसे बोलणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. परंतु ‘मला तो पाहायचा नाही’ हा निवाडा नसून निवड आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत करूनच हा आरोप केला जातो. शिवाय ही निवड आधीच करावी लागते, कारण न पाहिलेला चित्रपट केव्हाही पाहता येतो, पाहिलेला मात्र न पाहिलेला करता येत नाही.

राहिला ‘गॉडफादर’. १९७४ चा तो दुसरा भाग थोर आहे, याविषयी वाद नाही. पण त्यातली तरुण व्हिटोची, म्हणजे पहिल्या भागातल्या वृद्ध माफिया प्रमुखाच्या तरुणपणाची, कथा मारिओ पुझो यांच्या १९६९ च्या मूळ कादंबरीतच होती. पहिल्या चित्रपटात ती आली नव्हती, एवढेच. सत्यजित राय यांच्या १९५५ च्या ‘पथेर पांचाली’नंतर आलेला ‘अपराजितो’ही बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या आधीच लिहिलेल्या कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. या दोन्ही ठिकाणी सांगायचे काही खरोखरच शिल्लक होते. जी कथा पूर्ण होऊन संपली तिला पुढे ओढण्याचे समर्थन अशा उदाहरणांनी होत नाही. म्हणून पुढच्या भागाची बातमी आली की दिग्दर्शक कोण आहे याच्याही आधी मी विचारतो की मागच्या भागाने कोणता प्रश्न शिल्लक ठेवला होता.

माझ्या धाकट्या बहिणीने ‘एलियन्स’ माझ्या शेजारी बसून पाहिला आणि न्यूट वाचली तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता. पुढचा भाग आहे हे तिला माहीत आहे. तो पाहण्यासारखा आहे का, असे तिने त्या रात्री विचारले, तेव्हा मी तिला एवढेच सांगितले की ही गोष्ट इथे पूर्ण झाली आहे. तिने पुढे काही विचारले नाही, आणि तिच्या लेखी न्यूट आजही जिवंत आहे.