जावाचे ‘स्प्लिट’ सदोष नाही, आणि ‘उणे एक’ हा रामबाण उपायही नाही

जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या ‘स्प्लिट’ मेथडविषयी, म्हणजे दिलेल्या चिन्हावर मजकूर तोडून तुकडे देणाऱ्या आज्ञेविषयी, प्रोग्रामर मंडळींत एक दावा हातोहात फिरत असतो: ही मेथड सदोष आहे, ती मनाला येईल तेव्हा तुकडे गाळते, तिचे वागणे आवृत्तीगणिक बदलते, आणि लिमिट म्हणून, म्हणजे तुकड्यांची मर्यादा ठरवणारा आकडा म्हणून, उणे एक दिले की सगळे प्रश्न मिटतात. यातली तक्रार बरीचशी खरी आहे. निदान आणि औषध मात्र चुकले आहे.

तुकडे गळतात, हे मीही भोगले आहे. ‘सुमन,सातारा,,’ ही चार रकान्यांची ओळ स्वल्पविरामावर तोडली तर ॲरेत (तुकड्यांच्या यादीत) दोनच घटक येतात आणि चौथा रकाना मागताच एक्सेप्शन (प्रोग्राम थांबवणारी चूक) येते. परंतु ‘,,सुमन’ तोडून पाहिल्यास तीन घटक मिळतात, पहिले दोन रिकामे. म्हणजे गळतात ते फक्त शेवटचे रिकामे तुकडे. लिमिट दिले नाही तर ते शून्य धरले जाते, आणि शून्य म्हणजे शेवटचे रिकामे तुकडे टाकून देणे, असे जावाच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे. पर्ल या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतही हाच नियम आहे. न सांगता लागू होणारा नियम म्हणून ही निवड मला पटत नाही; तरीही तिला मनमानी म्हणता येणार नाही.

दाव्यातील दुसरा पुरावा टिंबाचा. ‘१२.५’ टिंबावर तोडले की ॲरे पूर्ण रिकामा येतो. येथे तोडणारे चिन्ह रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणून, म्हणजे मजकुराचा नमुना सांगणारे सूत्र म्हणून, वाचले जाते आणि त्यात टिंबाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षरचिन्ह’ असा होतो, त्यामुळे चारही चिन्हे विभाजक ठरतात, त्यांच्या आजूबाजूला पाच रिकामे तुकडे उरतात, आणि ते सगळेच शेवटचे असल्यामुळे वरच्या नियमाने गळून जातात. उणे एक दिल्यास शेवटचे रिकामे तुकडे गळत नाहीत, म्हणून हे पाच रिकामे तुकडे हाती येतील, बारा आणि पाच येणार नाहीत. त्यासाठी टिंब जावाच्या ‘पॅटर्न’ वर्गातील ‘क्वोट’ या मेथडमधून द्यावे लागते, म्हणजे ते साधे टिंब म्हणूनच वाचले जाते.

रिकामी स्ट्रिंग (एकही चिन्ह नसलेला मजकूर) स्वल्पविरामावर तोडली तर एक रिकामा तुकडा मिळतो, नुसता ‘,’ तोडला तर एकही नाही. हे विचित्र दिसते खरे, पण विभाजक सापडलाच नाही तर मूळ स्ट्रिंग जशीच्या तशी परत मिळते, हाही लिहिलेला नियम आहे.

आवृत्तीगणिक बदल म्हणून दाखवला जातो तो २०१४ साली आलेल्या जावा ८ मधला: रिकाम्या विभाजकाने तोडताना सुरुवातीला येणारा रिकामा तुकडा तेव्हापासून येत नाही. त्याच पद्धतीने ‘मराठी’ हा शब्द तोडला तर तीन अक्षरे मिळत नाहीत. म, र, काना, ठ आणि वेलांटी असे पाच तुकडे होतात. उणे एक दिल्यावर त्यांत शेवटी आणखी एका रिकाम्या तुकड्याची भर पडते.