लॅटिना बायका गप्प का राहतात? ‘संस्कृती’ हे उत्तर नव्हे

“अमेरिकेतल्या लॅटिना बायकांना नवऱ्याचा मार खायची सवयच असते, त्यांची संस्कृतीच तशी. नाहीतर तिथे ९११ फिरवलं की पोलीस दारात. आणि ज्या तक्रार करतात, त्यांना व्हिसा हवा असतो.” अशा आशयाचा मजकूर मराठी गटांतही फिरतो. (लॅटिना म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या स्त्रिया; सगळा समाज तो लॅटिनो.) तो वाचून मान डोलावणारेही दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी संस्कृती. सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्यसंस्थेने २०१० साली देशभर पाहणी केली. जोडीदाराकडून कधी ना कधी बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसलेल्या स्त्रिया हिस्पॅनिकांमध्ये, म्हणजे ढोबळमानाने लॅटिनोंमध्ये, ३७.१ टक्के निघाल्या, गोऱ्यांमध्ये ३४.६ टक्के. एवढ्याशा फरकावर एका समाजाला सवयीचा शिक्का मारायचा? माचिस्मो, म्हणजे मर्दपणाचा माज, तिथे आहेच. पण त्याच्याशी भांडणाऱ्याही तिथल्याच. २५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरील हिंसेविरोधातला दिवस १९८१ मध्ये बोगोटात जमलेल्या लॅटिन अमेरिकी स्त्रियांनी ठरवला. संयुक्त राष्ट्रांनी तो १९९९ मध्ये उचलला. जून १९९४ मध्ये ब्राझीलमधल्या बेलें शहरात याच हिंसेविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला. लॅटिन अमेरिकेतले बहुतेक सगळे देश त्यात आहेत, अमेरिका नाही.

आता तो ९११ चा फोन. खरी गाठ इथे आहे. बाई नवऱ्याच्या अर्जावर ग्रीन कार्डाची वाट पाहत असेल, तर तो अर्ज मागे घेण्याची धमकी हेच त्याचं हत्यार. स्पॅनिशमध्ये ‘पापेलेस’ म्हणतात, आपल्यासारखंच नुसतं ‘कागद’. कागद नसतील तर फोन केल्यावर आधी कोण येईल, पोलीस की इमिग्रेशनवाले, ही भीती. ती नुसती मनातलीही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये टेक्सासातल्या एल पासो इथे, जोडीदारापासून संरक्षणाचा आदेश मागायला आलेल्या एका ट्रान्स स्त्रीला इमिग्रेशनच्या माणसांनी कोर्टाच्या इमारतीतच पकडलं. पुढच्याच महिन्यात लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख चार्ली बेक यांनी सांगितलं, की लॅटिनोंकडून येणाऱ्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा २५ टक्क्यांनी आणि घरगुती हिंसेच्या सुमारे १० टक्क्यांनी घटल्या आहेत. इतर समाजांत अशी घट नव्हती. वर्षभरात संस्कृती बदलत नसते. बदलली ती भीती.

राहिला व्हिसा. अमेरिकेतल्या बहुसंख्य लॅटिनोंचा जन्मच तिथला आहे, पोर्तो रिकोचे लोकही जन्माने नागरिक. त्यांना व्हिसा लागतच नाही, आणि मार त्याही खातात. ज्यांना लागतो त्यांच्यासाठी १९९४ च्या कायद्याने एक दार उघडलं: नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर त्याला न कळवता बाईने स्वतः अर्ज करायचा. पण लग्न खरं होतं, एकत्र राहिलो होतो, छळ झाला, हे सगळं सिद्ध करावं लागतं. दुसरा मार्ग यू व्हिसाचा, म्हणजे गुन्ह्याला बळी पडून तपासाला मदत करणाऱ्यांसाठीच्या व्हिसाचा. त्याला पोलिसांची किंवा सरकारी वकिलांसारख्या यंत्रणेची सही लागते, वर्षाला १०,००० ची मर्यादा आहे आणि रांग कित्येक वर्षांची. खोटं बोलून पटकन पदरात पडावी अशी ही वस्तू नव्हे.

उपयोग कशाचा होतो? आपल्या भाषेत ऐकून घेणाऱ्या माणसाचा. मिनेसोटात लॅटिना स्त्रियांनी १९८२ मध्ये ‘कासा दे एस्पेरान्सा’ सुरू केली, आज तिचं नाव ‘एस्पेरान्सा युनायटेड’. न्यू जर्सीत ‘मानवी’ १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी हेच करते आहे, कारण ही गोष्ट आपल्याही घरातली आहे. एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधाराने, गेलेल्या आपल्या मुलीला १९९४ चं ते दारही सहसा बंदच, कारण एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरचा नवरा नागरिकही नसतो आणि ग्रीन कार्डधारकही नसतो.

पुढे पाठवायचंच असेल तर अमेरिकेतल्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर पाठवा: १-८००-७९९-७२३३. दिवसरात्र चालू असतो, स्पॅनिश बोलणारं माणूस मिळतं आणि इतर भाषांसाठी दुभाषे.