जादोह, बडा बाजार आणि तुमचे तीन आक्षेप

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

शिलाँगच्या बडा बाजारावर मी लिहिलेलं तुम्हाला खटकलं. बाजार गलिच्छ आहे, डुकराच्या रक्तात शिजवलेला भात, म्हणजे जादोह, खायला मराठी कुटुंबांना पाठवणं बेजबाबदारपणाचं आहे, आणि मला तो रोज खावा लागत नाही म्हणून मी गरिबांच्या जेवणाचे गोडवे गातेय, असं तुमचं म्हणणं. वर, 'आम्ही पोलीस बाजारात मोमो खाल्ले, तिथलं खरं स्ट्रीट फूड तेच.'

मोमोंशी माझं भांडण नाही. संध्याकाळच्या गारठ्यात पोलीस बाजारातल्या गाड्यांवर मीही उभी राहते. पण ते तिबेटी-नेपाळी वस्तीबरोबर आलेलं खाणं, गंगटोकलाही मिळतं नि दिल्लीतही. बडा बाजारात, म्हणजे मेघालयातल्या खासी लोकांच्या येवदुहमध्ये, सकाळपासून राबणारी माणसं जे खातात ते वेगळं, आणि मी लिहिलं होतं त्याबद्दल.

जादोहचं दुकान म्हणजे काय, ते जरा नीट सांगते, कारण तुमची प्रतिक्रिया वाचून तुम्ही आत शिरला नसाल असं वाटलं. पत्र्याची खोली, दोन-तीन बाकडी, समोर झाकण ठेवलेली ॲल्युमिनियमची पातेली. त्यामागे काँग. खासी भाषेत मोठ्या बहिणीला काँग म्हणतात आणि दुकानदारणीलाही तीच हाक मारायची. 'ओ मॅडम' म्हटलंत तर ती हसेल. एका पातेल्यात जादोह: आखूड दाण्याचा डोंगरी तांदूळ, आलं-कांदा, डुकराची चरबी, मांसाचे तुकडे आणि रक्त. रक्तामुळे भाताला काळपट तपकिरी रंग येतो, वास मात्र आल्याचा आणि चरबीचा. शेजारी दोहख्लिए: डुकराच्या डोक्याचं मांस उकडून बारीक चिरायचं, कच्चा कांदा, आलं, हिरवी मिरची घालून हातानेच कालवायचं. काळ्या तिळातलं मांस असतं, सुक्या मासळीची तुंगताप नावाची चटणी असते, आणि आंबवलेल्या सोयाबीनचं तुंगरिंबाई, ज्याचा वास पहिल्यांदा अंगावर येतो हे कबूल. हमाल आपली खोह, म्हणजे कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवर पेलायची बांबूची निमुळती टोपली, दाराबाहेर टेकवतो, ताटलीभर भात खातो, बिनदुधाचा लाल चहा पितो आणि पुन्हा टोपली उचलतो. त्याच बाकावर शेजारी सरकारी कचेरीतला कारकून बसलेला असतो, आणि त्याच्या ताटलीतही तेच असतं.

म्हणून 'गरिबांचं जेवण' हे मला पटत नाही. डुकराचं मांस तिथे स्वस्त नाही, आणि जादोह सणा-समारंभालाही शिजतो. रक्त वापरतात ते परवडत नाही म्हणून नाही. जनावर कापलं की त्यातलं काही टाकायचं नाही, एवढाच हिशेब. आपल्याकडे जत्रेत बोकड पडला की रक्ती, मुंडी, वजडी कोण सोडतं? कोल्हापुरात रक्ती-मुंडीवर ताव मारून आलेला माणूस शिलाँगमध्ये नाकाला रुमाल लावतो तेव्हा मला गंमत वाटते. शाकाहारी माणसाने ते खाऊ नये, त्याचा प्रश्नच मिटला. पण 'हे माझं खाणं नाही' म्हणणं निराळं आणि 'हे खाणंच नव्हे' म्हणणं निराळं. तुमच्या प्रतिक्रियेत दुसरं होतं.

आता घाण. आहे. गल्ल्या अरुंद आणि उताराच्या, मटण-मासळीच्या बाजूला पाय घसरतो, पावसात तर विचारूच नका. शहरातल्या वाह उमख्रा नदीचा नाला झालाय आणि ते पाणी शेवटी उमियम तलावाला मिळतं. याबद्दल शिलाँगचे लोक आपल्यापेक्षा कडक बोलतात. पण गटारातली घाण आणि पातेल्यातली घाण या दोन गोष्टी आहेत. चालत्या दुकानातलं पातेलं सकाळी चढतं आणि दुपारपर्यंत रिकामं होतं. डुकराचं मांस कच्चट राहिलं तर धोका असतो, पण इथे ते चांगलं शिजवलेलं असतं. मी सांभाळते ते दोहख्लिएमधल्या कच्च्या कांद्याला आणि ग्लासातल्या पाण्याला. दुकानात गर्दी नसेल आणि भात कोमट असेल तर उठून पुढच्या दुकानात जावं, हे दादरलाही लागू आहे.

मला बेजबाबदार म्हणायचंच असेल तर क्वायवरून, म्हणजे तिथल्या पान-सुपारीवरून, म्हणा, कारण तिच्याबद्दल मी लिहायला हवं तितकं कडक लिहिलं नाही असं कुणी म्हटलं तर चालेल. जेवणानंतर पान, चुना आणि ओली सुपारी पुढे येते. पूर्वी तिथे अंतरही वाटेत किती क्वाय खाऊन होतात यावर मोजत. सवय नसलेल्याला दोन मिनिटांत घाम फुटतो, कान तापतात. सुपारी कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सांगितलंय. हसून नको म्हणा, कुणी रागवत नाही.

'मातृसत्ता म्हणून उदोउदो' असा टोमणाही तुम्ही जाता जाता मारलाय, तो माझ्या लेखाला लागू होत नाही. खासींमध्ये वंश आईकडून चालतो आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं, एवढंच मी लिहिलं होतं. दुकानं बायकांची असली तरी बाजार चालतो हिमा मिल्लिएम या पारंपरिक खासी संस्थानाच्या अखत्यारीत, आणि तिथला सिएम, म्हणजे पारंपरिक प्रमुख, पुरुषच असतो. त्यात उदोउदो करण्यासारखं मलाही काही दिसत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की आई-वडिलांना घेऊन जाऊ का. रविवार सोडून जा, बाजार बंद असतो. सकाळी दहा-अकराच्या सुमारास जा. गुडघे दुखत असतील तर खालच्या गल्ल्यांत उतरू नका. खासी आठवडा आठ दिवसांचा, त्यातल्या येवदुहच्याच नावाच्या दिवशी गर्दी जास्त, तो दिवस कुठला ते हॉटेलवाल्याला विचारा. 'दोह स्नियांग' डुक्कर, 'दोह मासी' गोमांस, एवढं लक्षात ठेवा. आई-वडील मांस खात नसतील तर पुमालोई (वाफवलेल्या तांदळाच्या पिठाचा) आणि पुख्लेन (तांदूळ-गुळाचा, तळलेला) लाल चहाबरोबर द्या. तळणीचं तेल कुठलं ते आधी विचारून घ्या. येताना लाकाडोंग हळद आणा. जयंतिया टेकड्यांतली आहे, आपल्या सांगलीच्या हळदीपेक्षा रंगाला गडद, भाजीत निम्मीच घाला.