‘पहिल्या रात्री बोलत होता, मग तिसऱ्या दिवशी काय झालं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मोटरसायकलच्या अपघातात तुमच्या भाच्याचं मांडीचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या, छातीला मार बसला. पाऊण तासात तुम्ही त्याला हॉस्पिटलात पोहोचवलंत. पहिल्या रात्री तो तुमच्याशी बोलला, ‘धोक्याबाहेर आहे’ असं तुम्हाला सांगण्यात आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी व्हेंटिलेटर लागला आणि संध्याकाळी तो गेला. ‘पहिला तास महत्त्वाचा, असं तुम्ही लेखात लिहिलंत. आम्ही तो तास पाळला. पायाचं ऑपरेशन त्यांनी टाळलं आणि शेवटी कॉम्प्लिकेशन झालं म्हणून हात झटकले. तुम्ही डॉक्टरमंडळी एकमेकांना सांभाळून घेता,’ असा तुमचा आरोप आहे.

भाच्याचं वाचून फार वाईट वाटलं. मी आयसीयूत काम करतो आणि अशा तिसऱ्या दिवशी नातेवाइकांशी बोलायची वेळ माझ्यावरही येते. केसपेपर न बघता कोण चुकलं ते मी इथून सांगणार नाही. पण तुमचे प्रश्न केसपेपर न बघताही पुष्कळ पुढे नेता येतात.

आधी ऑपरेशनचं, कारण ‘लगेच केलं असतं तर वाचला असता’ हे मला तसंच्या तसं मान्य नाही. पूर्वी मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला वजन लावून दिवसेंदिवस निजवून ठेवत. 1989 साली अमेरिकेतल्या डॅलसमधल्या डॉक्टरांनी दाखवलं की अनेक जागी मार लागलेल्यांचं हे हाड 24 तासांत पक्कं केलं, तर फुफ्फुसाचे त्रास कमी होतात. मग सगळीकडे हाडाच्या पोकळीत लगेच धातूचा रॉड टाकायला सुरुवात झाली. चारच वर्षांनी जर्मनीतल्या हॅनोव्हरहून उलटा इशारा आला: छातीलाही जबर मार असेल, तर ताबडतोब रॉड टाकलेल्यांपैकी काहींची फुफ्फुसं ऑपरेशननंतरच निकामी होत होती. रॉडसाठी हाडाची पोकळी कोरताना हाडातल्या मगजाची चरबी रक्तात ढकलली जाते आणि ती थेट फुफ्फुसात जाऊन अडकते. शिवाय अपघाताने शरीरात आधीच आग पेटलेली असते, त्यात मोठं ऑपरेशन म्हणजे दुसरा घाव. म्हणून अशा रुग्णाला आधी बाहेरून सळ्या लावून हाड स्थिर करायचं आणि रक्ताभिसरण, ऑक्सिजन, तापमान, रक्त गोठण्याची क्षमता सावरली की मग आतला रॉड टाकायचा, ही पद्धत आली. पुढे क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी याला आकडे दिले: रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा पदार्थ) 4 च्या खाली आलं आणि आम्लता सावरली, तर 36 तासांच्या आत पक्कं ऑपरेशन करावं.

म्हणजे थांबणं हा गुन्हा नाही, पण कशासाठी थांबलो ते कागदावर असायला हवं. पहिल्या दिवशी पाय कशानेतरी स्थिर केला होता का? लॅक्टेट तपासलं होतं का, आणि पुन्हा कधी तपासलं? सळ्याही नाहीत, ऑपरेशनही नाही, तब्येत ऑपरेशनजोगी असूनही पाय नुसताच वजनाला लटकलेला, असे तीन दिवस गेले असतील, तर तुमचा राग रास्त आहे आणि तोच प्रश्न मीही विचारेन.

आता तो बोलत होता त्याविषयी. रुग्ण बोलतो म्हणजे त्या क्षणी श्वासमार्ग मोकळा आहे आणि मेंदूला रक्त पोहोचतंय. त्याहून जास्त काही त्यातून कळत नाही. मुक्या मारावर दुसऱ्या दिवशी सूज चढते, तसंच फुफ्फुसाचं होतं. पहिला एक्स-रे स्वच्छ असू शकतो. पुढच्या 24 ते 48 तासांत मार लागलेल्या भागात पाणी आणि रक्त साठतं. बरगड्यांच्या वेदनेमुळे पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ आतच राहतो. मांडीच्या हाडातून सुटलेल्या चरबीचा त्रास बहुतेकदा 24 ते 72 तासांमध्येच दिसतो: धाप लागते, माणूस असंबद्ध बोलतो, काखेत, छातीवर, डोळ्यांच्या पापणीच्या आत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात. ते ठिपके सगळ्यांना येत नाहीत आणि आले तरी लवकर मावळतात. काखेत मुद्दाम टॉर्च मारून पाहिलं तरच सापडतात.

बिघाड सुरू होतो तो मॉनिटरच्या अलार्मच्या कितीतरी आधी. तासातासाच्या तक्त्यावर श्वासाची गती मिनिटाला 18 असते, मग 24, मग 30. ऑक्सिजनचा आकडा 96 च राहतो, कारण कुणीतरी दर वेळी ऑक्सिजन थोडा वाढवलेला असतो. तेवढा एकच आकडा बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. त्याच सुमारास पेशंट तळमळू लागतो, सलाईन उपसतो. ‘घाबरलाय’ म्हणून त्याचे हात बांधले जातात किंवा झोपेचं इंजेक्शन दिलं जातं. अशा पेशंटची तळमळ ही ऑक्सिजन कमी पडत असल्याची खूण आहे असंच आधी धरावं, हे मी माझ्या ज्युनिअरना सतत सांगतो.

म्हणूनच पहिल्या तीन दिवसांत ‘धोक्याबाहेर’ हा शब्द कुणी उच्चारू नये. तुम्हाला तो सांगितला गेला, ते चूकच झालं.

पाऊण तासात तुम्ही त्याला नेलंत ते वाया गेलं असं मात्र मानू नका. रक्तस्राव, अंगातली उष्णता कमी होणं आणि रक्त न गोठणं यांचा फास पहिल्या काही तासांतच आवळतो. लंडनमधल्या एका पाहणीत मोठा मार लागलेल्या दर चारांपैकी सुमारे एका रुग्णाची रक्त गोठण्याची क्रिया हॉस्पिटलात पोहोचतानाच बिघडलेली होती. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या स्वस्त इंजेक्शनने जीव वाचतात, हे 2010 साली वीस हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, आणि ते 3 तासांच्या आत द्यायला हवं, हे त्याच अभ्यासाच्या 2011 च्या विश्लेषणात. भारतातली हॉस्पिटलंही त्या अभ्यासात होती. तो धोका ओलांडून भाचा तिसऱ्या दिवसापर्यंत आला, त्यात तुमच्या धावपळीचा वाटा असणार. त्या पाऊण तासाने बाकीच्या तीन दिवसांची हमी मिळत नाही, एवढंच.

राहिला ‘कॉम्प्लिकेशन’चा मुद्दा, आणि इथे मी तुमच्या बाजूने आहे. हे बिघाड आकाशातून पडत नाहीत. कोणत्या मारानंतर, साधारण किती तासांनी, काय होऊ शकतं हे माहीत असतं. म्हणून ‘झालं’ हे उत्तर पुरेसं नाही. काही वेळा सगळं वेळेवर करूनही रुग्ण जातो, हेही तितकंच खरं. दोन्हींतला फरक कळायचा तर कागद बघावे लागतात. केसपेपरची प्रत लेखी अर्ज करून मागा. 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनुसार अर्ज आल्यापासून 72 तासांत ती द्यावी लागते. नर्सिंगचे तासातासाचे तक्ते आणि रक्तातल्या वायूंचे रिपोर्ट अर्जात नाव घेऊन मागा, नुसत्या समरीवर भागवू नका. पहिल्या 24 तासांत, तो शुद्धीत असताना, डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा तपासणी झाल्याची नोंद आहे का ते बघा. पोस्टमॉर्टेमचा अहवाल पोलिसांकडे असेल. फुफ्फुसातली चरबी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, तेव्हा फुफ्फुसाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवले होते का, हे त्यात शोधा.

कागद हाती आले की मला ईमेल करा, इथे सगळ्यांसमोर टाकू नका. मी वाचेन आणि जे दिसेल ते सांगेन, ते डॉक्टरांच्या बाजूचं असो वा विरुद्ध.