‘१०९ देशांनी हाकललं’ : काका, ती यादी एकदा वाचा तरी

‘यहुद्यांना १०९ देशांनी हाकललं. एक देश चुकेल, दोन चुकतील, १०९ चुकतील का?’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय आणि मी तो न वाचताच पुढे जात होतो. पण आता तो आमच्या मोठ्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला, ‘विचार करा’ असं वर लिहून, आणि त्यांच्या अकरावीतल्या नातवाने तो वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात घ्यायचं ठरवलं. तेव्हा करतो विचार.

सोबत साल आणि ठिकाणांची लांबलचक यादी आहे. काका, तुम्ही ती वाचलेली नाहीत, पैजेवर सांगतो. वाचली असती तर फ्रान्स पुन्हा पुन्हा दिसला असता : ११८२, १३०६, १३२२, १३९४. एकाच देशातून इतक्यांदा हाकलायचं तर मधे परत बोलवावं लागतं. तसंच झालं. ११८२ ला हाकलणाऱ्या राजानेच ११९८ ला परत घेतलं. १३०६ ला चौथ्या फिलिपने घरदार जप्त करून बाहेर काढलं आणि १३१५ ला त्याच्याच मुलाने परत बोलावलं. अट अशी, की जुनी येणी वसूल करा, त्यात दोन तृतीयांश वाटा राजाचा. बरं, यहुद्यांना काढल्यावर पुढच्याच वर्षी हा फिलिप टेम्पलरांवर तुटून पडला. ते तर ख्रिस्ती धर्मयोद्धे. त्यांचंही कर्ज त्याच्या डोक्यावर होतं.

बाकी यादीत जर्मनीतल्या माइन्झसारखी सुटी शहरं आणि बिशपांचे परगणेही ‘देश’ म्हणून मोजलेत. १८६२ ची नोंद अमेरिकेतली आहे. यादवी युद्धात जनरल ग्रँटने आपल्या ताब्यातल्या लष्करी टापूतून यहुद्यांना निघायला सांगितलं, आणि लिंकनने काही आठवड्यांतच तो हुकूम मागे घ्यायला लावला. हाही एक देश!

‘सावकारी करून लोकांना पिळलं’ हा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढा देऊन टाकतो. मध्ययुगीन युरोपात व्याजाने पैसे देणारे यहुदी पुष्कळ होते, व्याज जबर असे, आणि कर्जात बुडालेल्यांचा राग खोटा नव्हता. पण चर्चने ख्रिश्चनांना व्याज घ्यायला मनाई केलेली, कारागिरांच्या संघांत यहुद्यांना प्रवेश नाही, बहुतेक ठिकाणी जमीन धरता येत नाही. मग करायचं काय? इंग्लंडात तर कायद्याने ते राजाची मालमत्ता होते. राजा वाटेल तेव्हा कर पिळायचा, म्हणजे त्या व्याजातला मोठा वाटा शेवटी खजिन्यातच जायचा. पिळून चिपाड झाल्यावर १२७५ ला व्याजाचा धंदाच बंद केला आणि १२९० ला पहिल्या एडवर्डने देशाबाहेर काढलं. अख्ख्या देशात मिळून दोन-तीन हजार माणसं. त्या बदल्यात संसदेने राजाला घसघशीत कर मंजूर केला, आणि यहुद्यांची लोकांकडची येणीही राजाने घेतली. सावकारांवरचा राग आपल्यालाही ठाऊक आहे. १८७५ ला सुप्याला शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी कर्जखतं जाळली, माणसं नाही.

माणसं जाळली ती आजच्या फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला, आणि ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो तो मुद्दा हाच. ‘प्लेगच्या साथीत त्यांनी विहिरींत विष टाकलं, तशी कबुलीही दिली.’ दिली ना. १३४८ च्या सप्टेंबरात, जिनिव्हा सरोवराकाठच्या शियोंच्या किल्ल्यात, हालहाल केल्यावर. त्या जबान्यांच्या नकला मग शहराशहरांत पोचल्या, आजच्या फॉरवर्डसारख्याच. त्याच महिन्यात पोप सहाव्या क्लेमंटने फर्मान काढलं. पोप काही यहुद्यांचा कैवारी नव्हता, फर्मानाची सुरुवातच त्यांना नावं ठेवून होते. तरी त्याने साधा हिशेब मांडला : ही साथ यहुद्यांनाही मारते आहे, आणि जिथे एकही यहुदी राहत नाही तिथेही ती आहे, मग विष त्यांचं कसं? जंतू म्हणजे काय हे जगात कुणालाच माहीत नव्हतं तेव्हाचं हे. काकांच्या ग्रुपमध्ये दोन डॉक्टर आहेत.

स्ट्रासबुर्गमध्ये तर प्लेग अजून आलाही नव्हता. यहुद्यांना हात लावायला नकार देणाऱ्या नगरप्रमुखांना आधी पदावरून काढलं, आणि १४ फेब्रुवारी १३४९ च्या शनिवारी, यहुद्यांच्याच दफनभूमीत लाकडी मचाण उभारून त्यांना जाळलं. आकडा दोन हजारांचा सांगितला जातो. आजचे अभ्यासक तो फुगवलेला मानतात, पण माणसं शेकड्यांनी मेली. बाप्तिस्मा घेणारे वाचले. गहाण वस्तू आणि कर्जरोखे कर्जदारांना परत मिळाले, रोकड वाटून घेतली. शहराच्याच जुन्या इतिवृत्तात लिहून ठेवलंय की यहुद्यांचा जीव घेणारं विष म्हणजे त्यांच्याकडचा पैसा, ते गरीब असते आणि सरदार त्यांच्या कर्जात नसते तर जळाले नसते. प्लेग त्या उन्हाळ्यात आलाच.

यहुदी ख्रिस्ती मुलांचं रक्त वापरतात वगैरे भाकड पोप चौथ्या इनोसंटने १२४७ लाच झिडकारलंय. पुढे.

‘गेले तिथे नकोसे झाले’? पोलंडमध्ये कालिशच्या राजपुत्राने १२६४ ला त्यांना संरक्षणाची सनद दिली, पुढे एका राजाने ती देशभर लागू केली, आणि काही शतकांत युरोपातले सर्वाधिक यहुदी तिथे होते. तिथेही १६४८ ला भयंकर कत्तली झाल्या, स्वर्ग नव्हता तो. पण नकोसे असते तर सनद कशाला दिली असती?

शेवटची ओळ, ‘भारतानेही धडा घ्यावा’. कसला? कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे यहुदी, धर्माप्रमाणे शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावं लावून, मराठी बोलत पिढ्यानपिढ्या राहिले. हाकलले कुणी? धडा घ्यायचाच तर खाली गोव्यात आहे. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ ला तिथे आला, आपल्या औषधी वनस्पतींवर त्याने मोठा ग्रंथ लिहिला. तो वारल्यावर पुढच्याच वर्षी, १५६९ ला, त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, गोव्यात जाळलं, आणि १५८० ला त्याचीही हाडं उकरून जाळली. गुन्हा काय, तर लपून यहुदी धर्म पाळला. त्याचे आईबाप १४९२ ला स्पेनमधून हाकलले गेलेले. ते पोर्तुगालला गेले, तर तिथल्या राजाने १४९६ ला हद्दपारीचा हुकूम काढला, पण लोक निघाले तेव्हा बहुतेकांना अडवून १४९७ ला सक्तीने ख्रिस्ती केलं. यादीत पोर्तुगाल ‘हाकलणारा देश’ म्हणून मोजलाय.